नोटेवरील वचन आणि वचनाची भाषा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या एखाद्या व्यापाऱ्यास दूरच्या गावी पैसे धाडावयाचे असले, तर तो सरकारी नोट घेई, कात्रीने तिचे दोन तुकडे करी आणि एक तुकडा टपालात टाकी. तो पोहोचल्याचे पत्र आले म्हणजे दुसरा तुकडा रवाना होई. घेणाऱ्याने दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, की नोट पुरी झाली. वाटेत टपालाची थैली लुटली गेली, तरी चोराच्या हाती अर्धा कागदच लागावयाचा, आणि अर्ध्या कागदाला बाजारात कोण विचारतो? चांदीच्या रुपयाची गोष्ट निराळी. तो कापला तरी अर्ध्या चांदीचे अर्धे मोल उरतेच. कागदावर जे लिहिलेले असते तेवढेच त्याचे मोल. आणि नोटेवर जे लिहिलेले असते ते मुळात एक वचन असते. आता वचन द्यावयाचे म्हटले, की ज्याला द्यावयाचे त्याला ते समजले पाहिजे. आपल्या नोटेचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहू गेल्यास हा साधा प्रश्न पुनःपुन्हा पुढे येतो, की हे वचन कोणाच्या भाषेत लिहावे?

सरकारने नोटा काढण्यापूर्वी तो अधिकार बँकांकडे होता. कलकत्त्याच्या बँक ऑफ बेंगॉलच्या काही नोटांवर बंदरावर बसलेली एक स्त्री व्यापाराचे प्रतीक म्हणून काढलेली असे, आणि बँकेचे नाव व रक्कम उर्दू, बंगाली व नागरी अशा तीन लिप्यांत दिलेली असे. १८४० साली निघालेल्या बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर मुंबईच्या टाउन हॉलचे चित्र होते. काहींवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम यांचे पुतळे होते. पेशवाईच्या अखेरीशी ज्या दोन माणसांची नावे कायमची जोडली गेली, त्यांच्या आकृती छापलेला कागद पेशवाई बुडाल्यानंतर दोन-तीन दशकांच्या आत मुंबईच्या पेढ्यांवर रोकड म्हणून फिरू लागावा, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला थोडी थबकावयास लावणारी आहे.

१८५७ च्या उठावाने कंपनी सरकारची तिजोरी रिकामी झाली. हिंदुस्थानचा हिशेब सावरण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन यांस पाठविण्यात आले. ‘इकॉनॉमिस्ट’ या सुप्रसिद्ध साप्ताहिकाचे हे संस्थापक. सरकारी नोटांची योजना त्यांनी मांडली खरी, परंतु ती प्रत्यक्षात आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ऑगस्ट १८६० मध्ये कलकत्त्यास अतिसाराने त्यांचा अंत झाला. पुढल्याच वर्षी कायदा झाला, आणि नोटा काढण्याचा अधिकार खाजगी व इलाखा बँकांकडून सरकारकडे आला.

पहिल्या सरकारी नोटांवर राणी व्हिक्टोरियाचे चित्र होते. कागद इंग्लंडातल्या लेव्हरस्टोक येथील गिरणीत हाताने बनविलेला. छपाई एकाच बाजूस, पाठ कोरी. देशी भाषांना जागा दोन पट्ट्यांपुरती. या नोटांची नक्कल करणे बनावटखोरांना फारसे अवघड गेले नाही. खोट्या नोटांचा सुळसुळाट झाला आणि १८६७ साली सरकारला ही मालिका बदलावी लागली. नव्या हिरव्या नोटांवरून राणीचे चित्र गेले आणि भाषांच्या पट्ट्या चार झाल्या. पुढे लाल रंगाच्या नोटा निघाल्या तेव्हा त्या आठ झाल्या. हे सरकारचे भाषाप्रेम होते असे समजण्याचे कारण नाही. ज्याला कागदावरची रक्कम वाचता येत नाही, त्याला सावकार सांगेल ती किंमत खरी मानावी लागते. असा मनुष्य कागदाला दुसऱ्यांदा हात लावीत नाही, आणि मग नोट चालत नाही.

हिरव्या नोटांवरील चार भाषा सर्वत्र सारख्या नव्हत्या. देशाचे नोटांपुरते निरनिराळे विभाग पाडलेले होते, आणि ज्या विभागाची नोट त्या विभागाच्या भाषा तिच्यावर. कलकत्ता, मुंबई व मद्रास ही मुख्य ठाणी. त्यांच्या हाताखाली लहान ठाणी असत, आणि त्यांत नागपूर व अकोला ही दोन नावे आढळतात. नागपूर कलकत्त्याच्या हाताखाली, तर अकोला मुंबईच्या. एका विभागाची नोट दुसऱ्या विभागात वटविण्याचा कायदेशीर हक्क कोणास नव्हता. सराफ आपल्या मर्जीने ती घेई आणि बट्टा कापून घेई. म्हणजे राज्य एक, राणी एक, आणि वचन मात्र विभागाच्या वेशीपाशी थांबणारे. पाच, दहा, पन्नास व शंभर रुपयांच्या नोटा सर्व देशभर वटू लागण्यास १९०३ ते १९११ हा काळ लागला.

एवढे होऊनही सामान्य शेतकऱ्याचा किंवा गिरणीकामगाराचा नोटेशी संबंध नव्हता. सर्वांत लहान नोट पाच रुपयांची, आणि पाच रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हे. गरिबाच्या हातात कागद आला तो पहिल्या महायुद्धामुळे. मेसोपोटेमियातल्या फौजांना लागणारे धान्य, ताग, कातडी हिंदुस्थानातून जाऊ लागली. त्यांचे दाम येथे रुपयांत चुकते करावे लागत. आणि रुपया म्हणजे चांदी. जगात चांदीचा भाव असा चढला, की १९१७ साली रुपयातील चांदीची किंमत रुपयाच्या दर्शनी किमतीला जाऊन भिडली. नाणे चालविण्यापेक्षा वितळविणे फायद्याचे होऊ लागले. तेव्हा ३० नोव्हेंबर १९१७ रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली, आणि तिच्यामागून अडीच रुपयांची, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची.

या एक रुपयाच्या नोटेची रचना मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्या कोपऱ्यात पंचम जॉर्जचा मुखवटा असलेल्या चांदीच्या रुपयाचेच चित्र छापलेले होते. अक्षर न येणाऱ्यासही कळावे, की हा कागद म्हणजे तो रुपया. जणू नाण्याने आपली सावली कागदावर टाकून ठेवली होती. ही कल्पना इतकी टिकाऊ ठरली, की आजच्या एक रुपयाच्या नोटेवरही एक रुपयाच्या नाण्याचे चित्र असते.

परंतु चित्राने विश्वास बसत नसतो. खेड्यापाड्यांत ही नोट बट्टा दिल्यावाचून मोडून मिळेना, आणि लोक नोटा घेऊन चांदी मागावयास सरकारी कचेऱ्यांपुढे गर्दी करू लागले. १९१८ च्या पूर्वार्धात चांदीचा साठा इतका खाली आला, की सरकारला दिलेले वचन उघडपणे मोडावे लागते की काय असा प्रसंग होता. या वेळी मदत आली ती अमेरिकेतून. एप्रिल १९१८ मध्ये तेथील काँग्रेसने पिटमन कायदा संमत केला, अमेरिकेच्या कोठारातील चांदीचे डॉलर वितळविले गेले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानला विकण्यात आली. तिचे रुपये पाडले गेले. वऱ्हाडातल्या किंवा खानदेशातल्या ज्या कुणब्याने त्या वर्षी नोट देऊन खणखणीत रुपया घेतला, त्याच्या हाती आलेली चांदी काही महिन्यांपूर्वी अमेरिकेचा डॉलर असेल, हे त्याला कोण सांगणार होते! लहान नोटांचा खर्च परवडत नाही असे पुढे ठरले आणि १ जानेवारी १९२६ पासून त्यांचा पुरवठा बंद झाला.

त्याच १९१८ साली निजामाच्या हैदराबादेतही कायदा होऊन नोटा निघाल्या. प्रथम शंभराची व दहाची. एक व पाच रुपयांच्या नोटा १९१९ साली आल्या. हे चलन इंग्रजी राज्यातल्या रुपयाहून वेगळे. त्याला ‘उस्मानिया सिक्का’ म्हणत, आणि त्याचे सात रुपये दिले म्हणजे इंग्रजी सहा मिळत. राज्याची भाषा उर्दू. परंतु या नोटांवर रक्कम मराठी, तेलुगू व कानडी या भाषांतही दिलेली होती. औरंगाबाद, परभणी, नांदेडच्या बाजारात उर्दू वाचणारे किती निघाले असते? ज्या संस्थानात मराठी मुलाला वरच्या वर्गांत मातृभाषेतून शिकण्याची सोय मिळणे कठीण, त्या संस्थानाच्या नोटेवर मात्र मराठीला जागा होती. शाळेत जे मान्य करावेसे वाटले नाही ते बाजारात मान्य करावे लागले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९२८ साली नाशिकला नोटांचा छापखाना निघाला, आणि १९३२ पर्यंत देशाच्या सर्व नोटा तेथे छापल्या जाऊ लागल्या. निजामाच्या नोटाही पुढे नाशिकलाच छापून घेण्यात येऊ लागल्या. १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि जानेवारी १९३८ मध्ये सहाव्या जॉर्जच्या चित्राची पाच रुपयांची नोट ही तिची पहिली नोट निघाली. वचन आता सरकारऐवजी गव्हर्नर देऊ लागला.

दुसऱ्या महायुद्धात १९१७ चाच प्रसंग पुन्हा उभा राहिला. १९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडले आणि हिंदुस्थानात लोकांनी चांदीचे रुपये गाडून ठेवण्यास प्रारंभ केला. गरजेपेक्षा अधिक नाणी साठविणे सरकारने गुन्हा ठरविले, आणि ऑगस्टमध्ये एक रुपयाची नोट पुन्हा बाहेर काढली. यातल्या काही नोटांवर साल होते १९३५ चे आणि मुखवटा पंचम जॉर्जचा. तो राजा वारून साडेचार वर्षे झाली होती. नोटा आधीच छापून ठेवलेल्या होत्या. मात्र या वेळी कायद्याने एक मोठा फरक केला. एक रुपयाची नोट हे सरकारी नाणेच होय, असा दर्जा तिला देण्यात आला. याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. शंभर रुपये देण्याचे वचन गव्हर्नरने पाळावयाचे, तर तो शंभर रुपयांच्या नोटेबदली एक रुपयाच्या शंभर नोटा देऊ शकतो. पूर्वी कागदाचे वचन चांदीने फिटत असे. आता ते कागदानेही फिटू लागले. लोकांनी त्यावर फारशी तक्रार केली नाही. तोवर कागदाची सवय होऊन गेली होती.

१९४३ साली रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नरपद प्रथमच एका भारतीयाकडे आले. रायगडाच्या परिसरात जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख हे ते गृहस्थ. नोटेवर चित्र इंग्लंडच्या राजाचे आणि वचनाखाली सही एका मराठी माणसाची, असा योग पुढील काही वर्षे होता. याच युद्धकाळात जपान्यांनी हुबेहूब खोट्या नोटा काढल्यामुळे जलचिन्ह बदलावे लागले आणि कागदात सुरक्षा-धागा प्रथमच घालण्यात आला. फाळणीनंतर १९४८ साली पाकिस्तानसाठी नाशिकला ज्या नोटा तयार झाल्या, त्या याच राजाच्या चित्राच्या. फक्त त्यांवर ‘पाकिस्तान सरकार’ अशी अक्षरे इंग्रजीत व उर्दूत उमटविलेली होती.

स्वतंत्र भारताच्या नोटेवर राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घालावे असे प्रथम घाटत होते, आणि तसे नमुनेही तयार झाले होते. अखेरीस सारनाथचा सिंहस्तंभ निवडला गेला. १९४९ ची एक रुपयाची नोट ही त्या रूपाची पहिली. १९५३ पासून हिंदी ठळकपणे छापली जाऊ लागली, आणि तेव्हा ‘रुपया’ या शब्दाचे अनेकवचन हिंदीत काय करावे यावर खल झाला. ‘रुपये’ हे रूप मान्य झाले. मराठी शाळेतल्या दुसरीच्या मुलालाही जे पाठ असते, त्यावर दिल्लीत चर्चा व्हावी हे वाचून मराठी वाचकाला गंमत वाटल्यास नवल नाही. परंतु कोट्यवधी हातांत जाणाऱ्या कागदावर व्याकरण ठरवावयाचे म्हणजे ते सर्वांकरिता ठरविणेच असते.

गोव्यात १९०६ पासून नोटा काढण्याचे काम बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेकडे होते. तेथली ‘रुपिया’ १९५९ साली जाऊन एका रुपियास सहा या हिशेबाने एस्कुद आले, आणि दोनच वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाल्यावर एस्कुदही गेले. तीन-चार वर्षांत घरातल्या डब्यातली रोकड तीन नावांनी मोजण्याची पाळी तेथल्या गृहिणीवर आली. भारतीय नोटेच्या पट्टीवर मात्र कोकणी भाषा यावयास आणखी तीस वर्षांवर काळ जावा लागला. १९९२ च्या घटनादुरुस्तीने कोकणी व नेपाळी या भाषा आठव्या परिशिष्टात गेल्या, आणि त्यानंतर पट्टीवरील भाषा पंधरा झाल्या.

वचन परत घेण्याचे प्रसंगही या इतिहासात आहेत. मोठ्या रकमेच्या नोटा १९४६ साली रद्द झाल्या, पुन्हा १९७८ साली झाल्या, आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या झाल्या. १९७८ ची बातमी १६ जानेवारीच्या सकाळी आकाशवाणीवरून सांगण्यात आली. त्या नोटा सामान्य घरांत नव्हत्याच. २०१६ ची गोष्ट तशी नव्हती; त्या वेळी बँकांच्या दारांशी उभ्या राहिलेल्या रांगांत भाजीवालीही होती, आणि तिच्या गाठीची पाचशेची नोट कोणत्याही भाषेत वाचली तरी तिचे मोल तेच झाले होते.

आज कोणतीही नोट हाती घेऊन उलटी करून पाहावी. डाव्या बाजूस भाषांची उभी पट्टी दिसते. क्रम इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे असल्यामुळे आरंभी असमिया आणि शेवटी उर्दू. कानडी चौथी, कोकणी सहावी. मराठी आठवी, तिच्यावर सात भाषा आणि तिच्याखाली सात. दहाच्या नोटेवर कोकणीत ‘धा रुपया’, त्याखाली मल्याळम, आणि तिच्याखाली मराठीत ‘दहा रुपये’. या पट्टीत असते ती केवळ रक्कम. धारकास ती रक्कम देण्याचे वचन नोटेच्या पुढल्या बाजूस असते, आणि ते हिंदी व इंग्रजी या दोनच भाषांत असते. एक रुपयाच्या नोटेवर तेही नाही. तिची छपाई १९९४ साली थांबली होती, २०१५ पासून ती पुन्हा निघू लागली. तिच्यावर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची नव्हे, तर भारत सरकारच्या वित्त सचिवाची सही असते, आणि वचनाचे एकही अक्षर नसते.