भट्टीतून घरात आलेला केक

वाढदिवस म्हटला की केक, हे समीकरण आता खेड्यापाड्यांतही पक्के झाले आहे. औक्षणाचे तबक आणि केकचा पुठ्ठ्याचा खोका एकाच टेबलावर मांडलेला दिसतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पुष्कळदा हा केक दुकानातला नसतो. गल्लीतल्याच कुणा ताईने, भाभीने किंवा आँटीने ऑर्डर घेऊन तो घरी भाजलेला असतो. पण केकला या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायला फार मोठा काळ लागला.

त्याचे कारण साधे आहे. आपल्या घरात चूल होती, भट्टी नव्हती. चूल खालून आच देते. भाकरी, भात, आमटी यांना ती पुरते. केकला मात्र चहूबाजूंनी सारखी ऊब लागते. ती भट्टीत मिळते आणि भट्टी नेहमीच घराबाहेर होती.

1510 साली पोर्तुगीज गोव्यात आले. त्यांच्याबरोबर पाव आला आणि 'पाव' हा शब्दही त्यांचाच. आंबवण्यासाठी यीस्ट मिळेना, तेव्हा माडाची सूर घालून पीठ फुगवले गेले. गोव्याचा पोदेर तेव्हापासूनचा. सुरतेत डचांच्या बेकरीचा वारसा दोटीवाला या पारशी घराण्याकडे आला आणि तिथली नानकटाई नावारूपाला आली, असे सांगतात. केरळच्या किनाऱ्यावर तलश्शेरीला 1883 साली मर्डोक ब्राऊन नावाच्या मळेवाल्याने इंग्लंडहून आणलेला केक माम्बल्ली बापू या बेकरीवाल्यापुढे ठेवला आणि विचारले, असा करून देशील का? बापूंनी साचा स्थानिक लोहाराकडून घडवून घेतला आणि परदेशी ब्रँडीऐवजी गावची दारू वापरली, अशी आठवण तिथे सांगितली जाते. गिऱ्हाइकाने नमुना दाखवायचा आणि करणाऱ्याने हाताशी असेल त्यातून तो साधायचा. ऑर्डरच्या केकची रीत तेव्हाही हीच होती.

या साऱ्या कथांत भट्टीपाशी पुरुष उभा आहे. बाई कुठे होती? ती भट्टीच्या दारापर्यंत आली होती. आमच्याकडे ईदच्या आधी, शेजाऱ्यांकडे दिवाळीच्या आधी, मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन बायका-मुले बेकरी गाठत. पत्र्याच्या ट्रेवर नानकटाया मांडल्या जात, नंबर लागे, भाजणावळ मोजली जाई आणि संध्याकाळी गरम डबे घरी येत. हात बाईचा, आच बेकरीवाल्याची. ज्याची आच, त्याचा धंदा.

म्हणूनच स्त्रियांचे पहिले मोठे गृहोद्योग केकचे नव्हते. 1959 साली मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभे राहिले. पापडाला पोळपाट, लाटणे आणि ऊन पुरे होते. गिरणगावात खानावळी चालवून गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. त्यांचेही काम चुलीवर आणि स्टोव्हवर चाले.

केकची वाट दोन गोष्टींनी मोकळी केली. पहिली बेकिंग पावडर. 1843 साली इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड या रसायनतज्ज्ञाने ती तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. या पावडरीमुळे अंडी तासभर फेटत बसण्याची गरज उरली नाही. दुसरी गोष्ट घरची आच. आधी पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे ठेवून केक झाले. मग ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, नंतर काचेच्या दाराचा. भट्टी ओट्यावर येऊन बसली आणि तिच्याबरोबर कमाईही घरात आली. अर्थात विजेच्या मर्जीने! 2005 नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन कडक होते. वीज कधी जाणार ते पाहूनच ओव्हन लावावा लागे.

या कामात हात जितका लागतो, तितकेच गणितही लागते. पन्नास पाहुण्यांची ऑर्डर आली तर जाणती बाई गोल केक सोडून ट्रेचा, सपाट चौकोनी केक धरते. 12 बाय 18 इंचांच्या केकचे दोन-दोन इंचांचे 54 तुकडे होतात. सगळे सारखे, कोणी रुसत नाही. घरच्या ओव्हनमध्ये एवढा ट्रे बहुधा मावत नाही, म्हणून 12 बाय 9 चे दोन भाजून शेजारी जोडायचे. सांधा क्रीमखाली झाकला जातो. आठ इंची चौकोनी डब्याचे माप बारा इंची डब्याला नेताना साहित्य दीडपट घ्यावेसे वाटते. पण उंची तीच ठेवायची तर ते सव्वादोनपट लागते, कारण वाढते ते क्षेत्रफळ. भाजणे आदल्या दिवशी, क्रीम केक पूर्ण निवल्यावर, आणि पोचवणे रिक्षात मांडीवर खोका धरून.

कायद्यानेही या कामाची दखल घेतली. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली 2011 साली नियम आले. वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या खाद्य व्यावसायिकाला 100 रुपये वार्षिक शुल्कात नोंदणी मिळू लागली आणि त्यात घरून विकणारीही आली. 2020 च्या टाळेबंदीत शहरांतल्या कितीतरी घरांनी केकच्या ऑर्डरींवर संसाराला हातभार लावला. उलट जुन्या भट्ट्यांचे दिवस फिरले. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली.

एक गोष्ट मात्र अजून भट्टीच्या दारातच अडली आहे. बेकरीवाला भाजणावळ मागत असे आणि ती कोणाला जड वाटत नसे, कारण त्याची आच डोळ्यांना दिसत होती. घरी केक करणारी बाई मैदा, लोणी, साखर आणि खोका यांचा हिशेब लिहिते. वीज कधी लिहिते, कधी नाही. स्वतःचे चार-पाच तास मात्र ती जवळपास कधीच लिहीत नाही. मग गिऱ्हाईक म्हणते, 'घरचाच तर आहे, थोडे कमी करा.' या 'घरचाच' शब्दात तिची मजुरी बुडते.

तेव्हा वहीत साहित्याच्या खाली एक ओळ वाढवावी. भाजणावळ हा जुना, चांगला शब्द आहे. तोच लिहावा आणि त्याच्यापुढे आकडा मांडावा. आता आचही तिची आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)