देवाच्या माणसाचं पॅकेज

बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाचं पुस्तक आहे. त्यात बेथलेहेमहून काम शोधत निघालेला एक तरुण भेटतो. तो लेवी वंशातला, म्हणजे देवाची सेवा करणाऱ्या घराण्यांपैकी. एफ्राइमच्या डोंगराळ भागात मीखा नावाचा एक सुखवस्तू माणूस त्याला आपल्या घरच्या देव्हाऱ्यासाठी ठेवून घेतो. पॅकेज स्पष्ट ठरतं: वर्षाला दहा शेकेल चांदी, कपड्यांचा एक जोड आणि जेवणखाण. शेकेल हे तेव्हा नाणं नव्हतं, वजन होतं, साधारण ११ ग्रॅम. पुढे दान वंशाचे सहाशे हत्यारबंद लोक तिथून जातात आणि त्या तरुणाला विचारतात, एका घराचा पुजारी राहणं बरं की अख्ख्या वंशाचा? तरुण खूश होतो, मीखाच्या घरातल्या मूर्ती उचलतो आणि त्यांच्याबरोबर चालू लागतो.

आमच्या क्षेत्रात याला स्विच मारणं म्हणतात. गोष्ट वाचून हसू येतं, पण तिच्यातला प्रश्न गंभीर आहे. जो सगळ्यांसाठी सेवा करतो, त्याचं पोट कोणी आणि कसं भरायचं? एकाच घराने भरलं तर तो त्या घराचा नोकर होतो. कोणीच भरलं नाही तर सेवा बंद पडते. या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं प्राचीन इस्राएलात आणि आपल्या महाराष्ट्रात दिली गेली. प्रत्येक उत्तर काही काळ चाललं आणि प्रत्येक एका ठरावीक जागी मोडलं.

दहावा हिस्सा

इस्राएलातलं उत्तर असं: बाकीच्या वंशांना जमीन मिळेल, लेवींना मिळणार नाही. त्याऐवजी सगळ्यांनी आपल्या पिकाचा आणि जनावरांचा दहावा हिस्सा लेवींना द्यायचा. याला मराठी बायबलात दशमांश म्हणतात. लेवींनीही मिळालेल्यातला दहावा भाग काढून अहरोनाच्या घराण्यातल्या याजकांना द्यायचा. म्हणजे घेणाराही देण्यातून सुटत नाही. राहायला ४८ गावं आणि गावांभोवती गुरांसाठी गायरान, पण पेरायला मोठी शेतं नाहीत. शिवाय बळीच्या जनावराचा खांदा, दोन्ही गालफडं आणि कोठा याजकाला, हेही नेमून दिलेलं.

कागदावर हिशोब करून पाहा. बारा वंशांनी प्रत्येकी दहावा हिस्सा दिला, तर लेवींकडे एका वंशाच्या उत्पन्नाच्या १.२ पट जमा होतं आणि देणाऱ्याकडे ०.९ उरतं. त्यात ‘गणना’ या पुस्तकातल्या शिरगणतीनुसार इतर वंशांत वीस वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५०, तर लेवी वंशात एक महिन्यावरचे सगळे पुरुष मिळून फक्त २२,०००. एवढ्या थोड्या लोकांना एवढं कशाला? मला वाटतं, हे नियम लिहिणाऱ्यांना माणसं ठाऊक होती. सगळे पूर्ण देणार नाहीत, हे धरूनच त्यांनी दर लावला असावा. हे नियम कधी लिहिले गेले आणि लिहिले तसे पाळले गेले का, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

पण व्यवस्था कुठे मोडायची, हे मात्र त्याच ग्रंथांत स्पष्ट नोंदलं आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात इराणच्या राजाने नेमलेला नहेम्या हा अधिकारी दुसऱ्यांदा यरुशलेमला आला, तेव्हा मंदिरातले लेवी आणि गायक जागेवर नव्हते. त्यांचा वाटा येणं बंद झालं होतं आणि ते आपापल्या शेतावर पोट भरायला गेले होते. ज्या कोठारात दशमांशाचं धान्य ठेवायचं, ती खोली मुख्य याजकांपैकी एकाने तोबीया नावाच्या आपल्या सोयऱ्याला राहायला दिली होती. नहेम्याने तोबीयाचं सामान बाहेर फेकलं, खोली धुऊन घेतली आणि कोठारावर चार माणसं नेमली: एक याजक, एक लेखनिक, एक लेवी आणि एक मदतनीस. घेणाऱ्यांपैकी दोन प्रकारचे लोक, हिशोब लिहिणारा एक आणि वर एक हात. निवडीचा निकष एकच, लोकांचा विश्वास.

कोकणातले काजी

या इस्राएलाची एक शाखा मराठी बोलते. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्राएल शेकडो वर्षं राहिले. तेल गाळायचं काम आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. त्यांच्यात लेवी किंवा याजक म्हणून ओळखली जाणारी घराणी नव्हती, मंदिर नव्हतं आणि दशमांश भरायला कोठारही नव्हतं. त्यांची परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी या विद्वानाने तीन माणसं निवडून त्यांना धर्मविधी शिकवले. या लोकांना नाव मिळालं काजी. हिब्रू शब्द विसरला गेला होता, शेजारच्या मुसलमान समाजातला शब्द हाताशी होता. काजी गावोगाव फिरून लग्नं लावायचे, सुंता करायचे, तंटे सोडवायचे आणि त्याबद्दल त्यांना मोबदला मिळायचा. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत मांडवीला बेने इस्राएलांचं पहिलं सिनेगॉग बांधलं. तिथून पुढे प्रार्थना चालवणारा हझ्झान, खजिना सांभाळणारा गबाई, अशी शहरी रचना उभी राहिली.

म्हणजे दहाव्या हिश्शाचा नियम ज्यांच्या ग्रंथात आहे, त्यांनीही इथे येऊन आजूबाजूच्या गावाची रीत उचलली. ती रीत काय होती?

खळ्यावरचा वाटा

मळणी झाली, वारं पाहून उपणणी झाली, धान्याची रास लागली की खळ्यावर बलुतेदार यायचे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्याबरोबर गुरव, जोशी आणि मुलाणीही. गुरव देऊळ झाडायचा, देवाला आंघोळ घालायचा, दिवा लावायचा, बेल आणि पत्रावळी पुरवायचा. जोशी पंचांग सांगायचा आणि लग्नं लावायचा. मुलाणी मशिदीची सेवा करायचा आणि गावातली बकरी कापायचा, हिंदूंच्या घरचीसुद्धा. त्यातला ठरलेला वाटा त्याचा. बायबलातल्या खांद्याची आणि गालफडांची आठवण इथे येतेच. एकाच गावाच्या एकाच यादीत हिंदू आणि मुसलमान धर्मसेवक बसलेले होते आणि दोघांनाही त्याच राशीतून धान्य मिळत होतं.

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे १९१५चं पुस्तक या व्यवस्थेचं बारीक वर्णन करतं. बलुतेदारांच्या तीन कासा असत: थोरली, मधली आणि धाकटी. थोरलीला जास्त धान्य, धाकटीला कमी. गावागणिक यादी बदलायची, पण गुरव, जोशी आणि मुलाणी बहुधा धाकट्या कासेत. कारण शेतकऱ्याचा हिशोब सरळ होता. नांगर तुटला तर पेरणी अडते, पूजा अर्धा दिवस उशिरा झाली तर अडत नाही. मानाने वर असलेला जोशी धान्याच्या मापात सुताराच्या खाली होता.

पण वाटा वंशपरंपरेचा हक्क झाला की त्याची वसुली होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि भटाविना लग्नं लागू लागली. तेव्हा ग्रामजोशी कोर्टात गेले: आम्हाला बोलावलं नाही तरी आमची दक्षिणा द्या. हा वाद मिटवायला १९२६ उजाडलं. सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नाने मुंबई कायदेमंडळात कायदा झाला की ज्याची सेवा घेतली नाही, त्याला मोबदला द्यायची सक्ती नाही. याच व्यवस्थेच्या दुसऱ्या टोकाला महार होते. त्यांच्याकडून सरकारी कामं दिवसरात्र घेतली जायची, मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं, ते या बांधिलकीतून सुटका व्हावी म्हणून. जोशाला काम न करता मागता येत होतं आणि महाराला काम करूनही मिळेल याची खात्री नव्हती. नियम एक, पण देणाऱ्या-घेणाऱ्यांत ताकद कोणाकडे, यावर त्याचा अर्थ बदलत होता.

जमीन आणि व्याज

महाराष्ट्राने इस्राएलाच्या उलटही एक प्रयोग केला: सेवेकऱ्याला जमीनच दिली. निजामाच्या मराठवाड्यात अशा सेवेच्या इनामाला खिदमतमाश म्हणत. खिदमत म्हणजे सेवा. दिवाबत्ती करा, जमीन कसून खा. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यातून धार्मिक संस्थांची इनामं वगळली गेली, म्हणून ही जमीन आजही तलाठ्याच्या कागदांत वेगळी दिसते. मोडायची जागा इथे वेगळी. पिढ्या सरल्या की सेवा पातळ होते आणि जमीन घट्ट होते. कसणारा तिला घरची समजू लागतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात स्पष्ट केलं की देवस्थानाच्या जमिनीचा मालक देव आहे, पुजारी फक्त सांभाळणारा.

तिसरा प्रयोग सगळ्यांत जुना आणि मला सगळ्यांत आवडलेला. नाशिकच्या पांडवलेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्याने लेण्यात राहणाऱ्या बौद्ध भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक दराने, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. करा हिशोब: वर्षाचं व्याज २४० आणि वीस गुणिले बारा २४०. एकही नाणं इकडे-तिकडे नाही. उरलेले १,००० पाऊण टक्क्याने, किरकोळ खर्चासाठी. भिक्खूला दात्याच्या दारात उभं राहायला नको आणि दात्याला दरवर्षी आठवण ठेवायला नको. मात्र सगळी भिस्त विणकरांच्या संघावर. संघ बुडाला की चीवर बुडालं.

आणि आजचा मार्ग पगाराचा. पंढरपुरात बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क काढून घेणारा कायदा १९७३ चा, पण वाद संपला जानेवारी २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. त्याच वर्षी मंदिर समितीने कुठल्याही जातीच्या पुरुषांकडून आणि स्त्रियांकडूनही पुजारीपदासाठी अर्ज मागवले. मशिदींच्या बाबतीत १९९३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने इमामांना वक्फ मंडळांनी वेतन द्यावं, असा निकाल दिला होता.

बजाजनगरात रास कुठे आहे?

पण पगार द्यायला मोठं संस्थान किंवा मंडळ लागतं. मी राहतो त्या बजाजनगरात ते नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि भोवतीच्या शेतांचे प्लॉट झाले. बीड, जालना, परभणी, नांदेडहून आणि थेट बिहारमधून माणसं आली. येताना त्यांनी आपापले देव आणले, पण खळं गावीच राहिलं. शेजारचं छोटे पंढरपूर आषाढीला माणसांनी फुलून जातं. गल्लीबोळात मारुतीची आणि देवीची देवळं आहेत, विहारं आहेत, मशिदी आहेत.

अडचण अशी आहे की रास दिसायची, पगार दिसत नाही. खळ्यावर किती धान्य झालं हे अख्ख्या गावाला माहीत असायचं, त्यामुळे वाटा चुकवणं अवघड होतं. आता पैसा खात्यात येतो आणि देणं मर्जीचं होतं. मर्जीचं देणं दिसणाऱ्या गोष्टींकडे जातं: कळस, फरशी, मंडप, साउंड. संगमरवरी पाटीवर देणगीदारांची नावं असतात, रोज पहाटे दार उघडणाऱ्याचा महिना कसा भागतो हे कुठे लिहिलेलं नसतं. आपण सगळे पगारपत्रक वाचायला शिकलेले लोक. पर्मनंट आणि कंत्राटी यातला फरक आपल्याला झोपेतही कळतो. पीएफ कापला आणि भरला नाही तर आपण गेटवर उभे राहतो. पण आपल्याच गल्लीतल्या पुजाऱ्याला, इमामाला कसला पीएफ आणि कसली रजा? त्याच्याकडे ताटलीतली चिल्लर आणि आता ताटलीशेजारचा क्यूआर कोड. तो कोड कोणाच्या खात्याचा आहे, हे विचारायची आपल्याला सवय नाही.

म्हणून तो मीखाच्या घरच्या तरुणासारखा वागला, म्हणजे जो जास्त देतो त्याच्या घरच्या सत्यनारायणाला आधी गेला, तर त्याला लोभी म्हणणं सोपं आहे. नहेम्याने तसं केलं नव्हतं. शेतावर गेलेल्या लेवींना परत बोलावून त्याने जागेवर उभं केलं आणि जाब अधिकाऱ्यांना विचारला, देवाचं घर असं का सोडलं?

गल्लीच्या मंडळाला यातलं बरंच जमण्यासारखं आहे. वर्गणीच्या वहीत पहिली ओळ मंडपाची न ठेवता माणसाची ठेवायची. दरमहा ठरलेली रक्कम, आजारपणाला थोडी शिल्लक, आणि काम सोडलं तर हक्क तिथेच संपेल असा साधा लेखी करार. हिशोबावर चार माणसं, त्यांतला एक स्वतः सेवा करणारा. आणि थोडं मुद्दल पतसंस्थेत किंवा बँकेत, ज्याचं फक्त व्याज वापरायचं. उषवदाताचा दर आज कोणी देणार नाही, पण वीस गुणिले बारा हा हिशोब कुठल्याही फोनवर दोन सेकंदांत होतो.