नळीवरचा आकडा आणि आतलं घर

साठच्या दशकात नागभीडजवळच्या एका मालगुजारी वाड्यात मी पहिल्यांदा रायफल हातात घेतली. नळीवर लिहिलेलं .३१५ आणि काडतुसाच्या बुडावर ८ एमएम. मी म्हटलं, हे काडतूस चुकीचं आहे. वाड्यातले आजोबा हसले, "अबे पोट्ट्या, एकच आहे ना ते!"

बरोबरच होतं त्यांचं. ८ मिलिमीटर म्हणजे .३१५ इंच. पण हा आकडा नळीच्या पोकळीचा, गोळीचा नव्हे. नळीत पीळदार खाचा असतात, त्यांत रुतावी म्हणून गोळी जरा जाड, सुमारे .३२३ इंच असते. फौजेच्या .३०३ ची गोळीही अशीच, .३११ च्या आसपास. नाव एक, वस्तू दुसरी. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे मला हा घोळ फार आवडतो.

पण आपल्याकडे .३१५ आलीच कशाला? हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या मानलिखर रायफलीचं. साहेबाच्या फौजेत .३०३. फौजेचं काडतूस चोरीला गेलं तरी ते रयतेच्या बंदुकीत बसू नये, ही त्यामागची काळजी. म्हणून इशापूरच्या कारखान्याची .३१५ बाहेरून पाहिली तर ली-एनफिल्डचीच बहीण, बोल्टही तसाच. फरक चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस जिथे बसतं त्या घरात. .३०३ चं कवच ५६ मिलिमीटर लांब, .३१५ चं ५० आणि बुडाशी जाड.

आणि अविश्वास फक्त रयतेवर होता असंही नाही. पोलिसांना आणि पहारेकऱ्यांना .४१० ची मस्केट दिली, एका वेळी एकच बार. तिचं काडतूस म्हणजे .३०३ चंच कवच, पण मान न आवळलेलं, सरळ. आपल्याच शिपायाच्या हातात फौजेची गोळी नको! १८५७ ची भीती हो ही. चांद्याला २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाकेंना फाशी दिली, ती याच भीतीच्या दिवसांत.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९६२ चे नियम आले, २०१६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. त्यांत .३०३ आणि ७.६२ तर वर्जित आहेतच. शिवाय ज्या कोणत्या बोअरच्या चेंबरमध्ये फौजेचं हे काडतूस बसून उडेल, तीही वर्जित. म्हणजे नळीवर .३०८ लिहून सुटका नाही, कारण ७.६२ चं काडतूस तिच्यात बसतं; दोन्हींच्या चेंबरमध्ये फरक आहे तो केसाएवढा. नळीवर काय लिहिलंय ते कायदा विचारत नाही, आत काय मावतं ते विचारतो. तरुणपणी मला हा साहेबाचा संशय आपण उगाच जपला असं वाटायचं. गडचिरोलीत पोलिसांच्या लुटलेल्या रायफलींच्या बातम्या वाचत म्हातारा झालो, आता तितक्या ठामपणे म्हणवत नाही.

गंमत म्हणजे आपल्या जंगलातल्या भरमारीला हा प्रश्नच लागू पडत नाही. दारू तोंडातून ओतायची, छर्रे तोंडातून ठासायचे. तिला चेंबरच नाही.