मिलफर्ड हेवनच्या पाण्यातले तीन पाय

वेल्सच्या नैऋत्य टोकाला मिलफर्ड हेवन नावाची खोल खाडी आहे. १९१२ साली तिथे एका विमानाच्या चाचण्या सुरू झाल्या. त्याचे नाव एक्स २. पंख आणि शेपूट इतर विमानांसारखेच होते. पण पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना असतात तसे जाड फ्लोट मात्र नव्हते. त्याऐवजी तीन उंच पाय, आणि पायांवर शिडीच्या पायऱ्यांसारखी एकाखाली एक बसवलेली अरुंद पाती.

ही कल्पना ब्रिटिश नौदलातले तरुण लेफ्टनंट चार्ल्स डेनिस्टन बर्नी यांची. फ्लोट अवजड, लाटांचा मार खाणारे, आणि एकदा हवेत गेले की नुसते ओझे. पाणी तर हवेच्या सुमारे ८०० पट घन. मग हवेत ज्या वजनाला भलेमोठे पंख लागतात, ते पाण्यात छोटी पाती का उचलणार नाहीत? इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये अशाच पात्यांवर होडी पळवून दाखवली होती. विमाने बनवणाऱ्या ब्रिस्टल कंपनीला बर्नींचे म्हणणे पटले. फिल्टनमध्ये गुपचूप ‘एक्स विभाग’ उघडला गेला आणि आराखड्यांचे काम फ्रँक बार्नवेल यांच्याकडे आले.

योजना धाडसी होती. पुढच्या पायांवरचे छोटे पंखे आधी पाण्यात फिरणार, वेग वाढला की विमान पात्यांवर उभे राहणार आणि मग तेच इंजिन हवेतला पंखा फिरवणार.

अडचण नेमकी या मधल्या क्षणात होती. धड उंच उचलले गेलेले, खाली आधार चिंचोळा, आणि तोल सावरणाऱ्या पंखांना पुरेसा वारा अजून मिळालेला नाही. सप्टेंबर १९१२ मध्ये वैमानिक जॉर्ज बेंटली डॅकर बसलेले असताना बोटीने ओढले जाणारे एक्स २ पाण्यावरून उचलले गेले आणि लगेच कोसळले. डॅकर बचावले. पुढचे एक्स ३ अधिक मोठे, २०० अश्वशक्तीचे. १९१४ मध्ये ते वाळूच्या दांड्यावर आदळले. दुरुस्तीला पैसे द्यायला नौदल तयार झाले नाही आणि प्रयोग तिथेच थांबला.

तरीही या कामाला वाया गेलेले म्हणणे अन्यायाचे ठरेल. पाण्यातून वेगाने ओढल्या जाणाऱ्या पंखाचे वागणे बर्नींइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी पॅराव्हेन विकसित केले: जहाजाने ओढायचे, पाण्याखालचे पंखधारी यंत्र. पंखामुळे ते जहाजापासून बाजूला सरकते, त्याची तार सुरुंगाच्या दोराला अडकते आणि दोर कापला जातो.