गुप्तहेर कुठे हरवला? रहस्यकादंबरी ते रुपेरी पडदा

१/१२
#धागा #इतिहास
१९६०च्या दशकात मुंबईत तयार झालेले काही गाजलेले रहस्यपट कादंबऱ्यांवर आधारलेले होते. मूळ पुस्तक वाचून ते पाहणारा रसिक हमखास तक्रार करतो : गुन्हेगार बदलला, शेवट बदलला, गुप्तहेर तर दिसेनासाच झाला. तक्रार खरी आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो : नेमके काय बदलले आणि का?
(सूचना : पुढे रहस्ये उघड केली आहेत.)

२/१२
पहिले उदाहरण आर्थर कॉनन डॉइल यांच्या 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' या कादंबरीचे. १९०१-०२मध्ये ती 'स्ट्रँड' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. बास्करव्हिल घराण्याला शाप आहे, अशी दंतकथा. ह्यूगो नावाच्या पूर्वजाने एका शेतकऱ्याची मुलगी पळवली, तिचा माळरानावर अंत झाला आणि एका अक्राळविक्राळ कुत्र्याने ह्यूगोचा गळा फोडला.

३/१२
शेरलॉक होम्स ही दंतकथा बाजूला सारतो. खरा गुन्हेगार निघतो घराण्याचाच एक छुपा वारस. त्याला इस्टेट हवी आहे. शापाची गोष्ट हे त्याने वापरलेले साधन. म्हणजे कादंबरीत गुन्ह्याचे मूळ मालमत्तेच्या लोभात आहे, जमीनदार घराणे बळी आहे आणि त्या शेतकऱ्याच्या मुलीची कहाणी केवळ पार्श्वभूमी आहे.

४/१२
या कादंबरीवरून प्रथम 'जिघांसा' (१९५१) हा बंगाली चित्रपट निघाला आणि पुढे 'बीस साल बाद' (१९६२) हा हिंदी चित्रपट. दिग्दर्शक बीरेन नाग, निर्माते व संगीतकार हेमंतकुमार. येथे कथेचा कणाच उलटा झाला. ठाकुराच्या अत्याचाराने एका गावकरी मुलीने जीव दिला आणि ठाकुराच्या वंशातील पुरुषांचे मुडदे पाडणारा तिच्याच घरचा माणूस आहे. डॉइलने जी दंतकथा म्हणून मागे ठेवली, ती चित्रपटाने गुन्ह्याचे खरे कारण म्हणून पुढे आणली.

५/१२
काळ लक्षात घ्यावा. उत्तर भारतात जमीनदारी नष्ट करणारे कायदे नुकतेच झाले होते. आपल्याकडे १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७चा 'कृषक दिन' ताजा होता. अशा वेळी हवेलीच्या मालकाला निष्पाप बळी ठरवणारी कथा प्रेक्षकाला कितपत पटली असती? चित्रपटाने तरुण वारसाला वाचवले, पण त्याच्या वाडवडिलांना निर्दोष ठरवले नाही.

६/१२
आणि होम्स? त्याच्या जागी असित सेन यांनी रंगवलेला गोपीचंद जासूस आला : भित्रा, गोंधळलेला, हशा पिकवणारा. हे नाव इतके रुजले की १९८२मध्ये राज कपूर यांच्या एका चित्रपटाचे शीर्षकच 'गोपीचंद जासूस' झाले. तर्कशास्त्राचा सम्राट विदूषक झाला आणि भयाची सूत्रे लता मंगेशकरांच्या स्वराकडे गेली.

७/१२
याचे एक कारण प्रेक्षकांत सापडते. सोलापूर पाहा. १८७७मध्ये येथे पहिली कापडगिरणी निघाली आणि पुढे शहर गिरण्या व हातमागांभोवती वाढले. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसे एकाच रांगेत तिकीट काढत. होम्सची करामत संवादात असते. दहा मिनिटांचे तर्कपूर्ण विवेचन परक्या भाषेत कंटाळवाणे होते. धुके, पडका वाडा आणि दुरून येणारे गाणे यांना दुभाषा लागत नाही. या प्रेक्षकाच्या लेखी चित्रपट हीच मूळ कलाकृती होती.

८/१२
दुसरे उदाहरण राजा नवाथे दिग्दर्शित 'गुमनाम' (१९६५). मूळ आधार अगाथा ख्रिस्ती यांची १९३९ची कादंबरी : एका बेटावर दहा जण जमतात, एकेक करून मरतात आणि कोणीही वाचत नाही. मारेकरी निवृत्त न्यायाधीश निघतो. कायद्याच्या हातून निसटलेल्यांना शिक्षा देण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतलेला असतो.

९/१२
'गुमनाम'मध्ये न्यायाधीश नाही. मारेकऱ्याचा हेतू जुन्या गुन्हेगारी व्यवहारातील सूड एवढाच उरतो. नायक (मनोजकुमार) हा वेषांतर केलेला पोलीस अधिकारी निघतो. तो आणि नायिका (नंदा) सुखरूप परततात. हा सुखान्त मात्र केवळ मुंबईची करामत मानू नये. १९४३च्या नाट्यरूपात खुद्द ख्रिस्तींनीच दोघांना जिवंत ठेवले होते आणि १९४५च्या रेने क्लेअर यांच्या चित्रपटाने तोच शेवट घेतला.

१०/१२
तरीही येथे मोठी गोष्ट गमावली. न्यायासनावर बसलेला माणूसच खुनी असू शकतो, हा ख्रिस्तींचा अस्वस्थ करणारा प्रश्न पुसला गेला. त्याच्या जागी वेळेवर प्रकट होणारा कर्तव्यदक्ष अधिकारी आला. सोलापूरकरांना तर हा प्रश्न परका नव्हता : १९३०च्या मार्शल लॉनंतर चाललेल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी ते फासावर गेले. कायद्याच्या नावाने अन्याय होतो, हे या शहराने पाहिले होते.

११/१२
तिसरे उदाहरण आपल्या भाषेतले. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर राजा परांजपे यांनी 'पाठलाग' (१९६४) केला आणि त्यावरून राज खोसला यांचा 'मेरा साया' (१९६६) आला. मराठी वकील उदयपूरचा ठाकूर झाला. पण गाभा टिकला : पत्नीच्या मृत्यूनंतर तिच्यासारखीच दिसणारी आरोपी समोर उभी राहते आणि वकील पती तिला खोटी ठरवायला निघतो. ती खरोखर त्याची पत्नीच असते. येथे बाहेरचा गुप्तहेर नाहीच. आणि ज्याच्यापाशी कायद्याचे ज्ञान आहे, त्यालाच सत्य दिसत नाही. 'गुमनाम'ने टाळलेली शंका मराठी कथेने घरात आणून बसवली.

१२/१२
रूपांतर मराठी वाचकाला नवे नव्हते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर इंग्रजी रहस्यकथांची छाया होती, म्हणून कोणी ते परके मानले नाहीत. तेव्हा 'मूळाशी इमान राखले का?' या प्रश्नासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत : नव्या कथेत दोषी कोण ठरले आणि शिक्षेचा अधिकार कोणाला मिळाला? 'बीस साल बाद'ने दंतकथेतल्या मुलीला न्याय मागण्याचा हक्क दिला. 'गुमनाम'ने न्यायाधीशाला प्रश्नांतून सोडवले. या दोन बदलांत त्या दशकाची आशाही आहे आणि तिची भीतीही.