रामपुरीचा खटका

बरेलीला पोस्टिंग होतं, तेव्हा एका रविवारी मी मुद्दाम रामपूरला गेलो. दिल्लीच्या रस्त्याने तास-दीड तासाचं अंतर. 'चाकू घ्यायला चाललोय' म्हटल्यावर बायको म्हणाली, "घरात एक आहे तो पुरत नाही का?" त्या घरातल्या चाकूमुळेच तर मी निघालो होतो.

रोहिले म्हटलं की आपल्याला नजीबखान आणि पानिपत आठवतं. पुढे १७७४ मध्ये इंग्रज आणि अवधच्या फौजांनी रोहिल्यांचा पाडाव केला. त्यानंतर फैजुल्लाखानाकडे जो मुलूख उरला, तेच रामपूर संस्थान. १९४९ मध्ये ते भारतात विलीन झालं. रझा ग्रंथालयातली हस्तलिखितं आणि रामपूर-सहसवान घराण्याची गायकी ही या गावाची खरी दौलत. पण बाहेरच्या जगाला रामपूर माहीत आहे ते चाकूमुळे.

जुन्या रामपुरीचं पातं ९ ते १२ इंचांचं असे. मूठ पितळेची, लाकडाची किंवा शिंगाची. पण त्याची खरी करामत आहे खटक्यात. साध्या घडीच्या चाकूत पाठीमागची स्प्रिंग पात्याला नुसती दाबून धरते. उलटा जोर पडला की पातं मिटतं. रामपुरीचं पातं पूर्ण उघडलं की खटक्यात अडकतं आणि कळ दाबल्याशिवाय मिटत नाही. अडकताना जो आवाज होतो, त्यावर हिंदी सिनेमाने कित्येक खलनायक पोसले. १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमार हातात चाकू घेऊन जे बोलला, ते आमच्या अकादमीतल्या निम्म्या कॅडेट्सना पाठ होतं.

या प्रसिद्धीची किंमत कारागिरांनी मोजली. १९९०च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांपेक्षा लांब पात्यांवर बंदी आणली आणि धंदा बसला.

त्याच घडीच्या चाकूचं स्वित्झर्लंडमध्ये वेगळं नशीब निघालं. १८८९ मध्ये स्विस सैन्यात नवी रायफल आली. ती उघडायला स्क्रू-ड्रायव्हर लागे, आणि रेशनचे डबे उघडायलाही काहीतरी हवंच होतं. म्हणून पातं, टोच्या, डबा-उघडणी आणि स्क्रू-ड्रायव्हर एकाच मुठीत बसवून सैनिकांना चाकू दिला गेला. कार्ल एल्सेनर या कारागिराने १८९७ मध्ये त्याची हलकी, जास्त अवजारांची आवृत्ती काढली, 'ऑफिसरचा चाकू'. गंमत म्हणजे तो ऑफिसरांना सरकारकडून कधीच मिळाला नाही. ज्याला हवा त्याने पदरचे पैसे घालून घ्यायचा. आपल्याकडेही काही वेगळं नाही!

आता घरातल्या चाकूबद्दल. मी अकादमीत निघालो तेव्हा वडिलांनी त्यांचा तीन इंची चाकू माझ्या हातात ठेवला होता. त्याने ते शेतात ऊस सोलायचे, पेरू कापायचे. कॅप्टन असताना अरुणाचलात एका ओढ्यावर दोर लावून आम्ही पलटण पार करत होतो. एका जवानाचा पाय सैल दोरात गुंतला आणि प्रवाह त्याला खाली खेचू लागला. हवालदारसाहेबांनी माझ्या हातातून चाकू घेतला, पाण्यात हात घालून दोर कापला. जवान वाचला. पण पीळ देताना पातं उलटं फिरलं आणि त्यांच्याच बोटांवर मिटलं. तीन टाके पडले. ते हसून म्हणाले, "सर, चाकू अच्छा है, बस ताला नहीं है." चाकू माझा होता, म्हणून ते वाक्य अजून टोचतं.

स्विस सैन्याने २००८ मध्ये सैनिकांसाठी नवा चाकू घेतला. त्याचं पातं एका हाताने उघडतं आणि उघडल्यावर लॉक होतं. जो खटका पडद्यावर गुंडाची ओळख ठरला, त्याचं खरं काम वापरणाऱ्याची बोटं सांभाळणं हे आहे. भीती वाटायची ती लांबीची. कायद्याने लांबी कमी केली ते ठीकच. पण बदनामी चिकटली ती अख्ख्या कारागिरीला.

रामपुरात आता चाकू चौक आहे. २०२३ मध्ये तिथे सुमारे २० फुटी रामपुरी उभारला गेला. लोक त्याच्याजवळ सेल्फी घेतात. मी गल्लीतलं एक छोटं दुकान शोधलं. म्हाताऱ्या उस्तादांनी विचारलं, "साहब, सजाने के लिए?" मी म्हटलं, "नाही, कामासाठी." त्यांनी समोरचे चकचकीत नग बाजूला सारले, आतून चार इंची, शिंगाच्या मुठीचा एक काढला, उघडला आणि पात्याच्या पाठीवर अंगठ्याने जोर देऊन दाखवला. पातं हललं नाही.

मी दोन घेतले. एक माझ्या रकसॅकमध्ये आहे. दुसरा हवालदारसाहेबांना त्यांच्या गावी नेऊन दिला. ते आता निवृत्त आहेत. त्यांनी कळ दाबून तो दोनदा उघडला-मिटला आणि मुलाला हाक मारली, "अरे, पेरू घेऊन ये."