नसलेल्या मुलाचा संसार: अमेरिकी नाटक आणि मनोविश्लेषण

सिग्मंड फ्रॉइड यांनी सप्टेंबर १९०९मध्ये मॅसॅच्युसेट्समधील क्लार्क विद्यापीठात पाच व्याख्याने दिली, आणि त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत मनोविश्लेषण अमेरिकी रंगभूमीवर आले ते प्रहसनाच्या रूपाने. सुझन ग्लास्पेल आणि जॉर्ज क्रॅम कुक या दांपत्याची ‘सप्रेस्ड डिझायर्स’ ही एकांकिका १९१५च्या उन्हाळ्यात प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावी सादर झाली. तिच्यातील हेन्रिएटा ज्याच्या त्याच्या स्वप्नात दमित इच्छा, म्हणजे मनाने जाणिवेबाहेर लोटलेली इच्छा, शोधत असते. पण नवऱ्याला संसारातून सुटायचे आहे आणि बहिणीचे मन त्याच नवऱ्यावर आहे असा स्वप्नांचा अर्थ निघताच ती या शास्त्रालाच रामराम ठोकते. अर्थ लावणे ही कृती संसारात ढवळाढवळ करते, हे या छोट्या नाटकाने फार लवकर ओळखले होते.

ही एकांकिका सादर करणाऱ्या प्रॉव्हिन्सटाउनच्या नाट्यमंडळीतून पुढे आलेले नाटककार यूजीन ओनील १९२६मध्ये मनोविकारतज्ज्ञ गिल्बर्ट हॅमिल्टन यांच्या विवाहविषयक अभ्यासात सहभागी झाले. दोनशे विवाहित स्त्री-पुरुषांच्या मुलाखतींवर आधारलेला हा अभ्यास १९२९मध्ये ग्रंथरूपाने आला. त्याच सुमारास लिहिलेल्या आणि १९२८मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’ या नऊ अंकी नाटकात पात्रे एकमेकांशी बोलता बोलता मनातले विचारही प्रेक्षकांना ऐकू येतील असे उच्चारतात. वडिलांनी लांबवलेले लग्न प्रियकराच्या युद्धातील मृत्यूमुळे कायमचे राहून गेलेली नीना, नवऱ्याच्या घराण्यातील वेड कळल्यावर गर्भपात करून घेते, डॉक्टर मित्रापासून मूल होऊ देते आणि त्याला मृत प्रियकराचे नाव देते. टीकाकारांनी येथे पित्याविषयीची ओढ वाचली, आणि ते चुकीचे नाही. पण उघड उच्चारता येणारा विचार ही फ्रॉइड यांच्या अर्थाने नेणीव नव्हे, कारण नेणीव चूक, स्वप्न किंवा लक्षण यांच्या आडूनच बोलते. म्हणूनच नीनाच्या स्वगतांपेक्षा मुलाला दिलेले ते नाव अधिक बोलके वाटते.

‘फ्रॉइड ऑन ब्रॉडवे’ हा डेव्हिड सीव्हर्स यांचा ग्रंथ १९५५मध्ये आला, त्याच वर्षी टेनेसी विल्यम्स यांच्या ‘कॅट ऑन अ हॉट टिन रूफ’मधील मॅगीने नसलेल्या गर्भाची घोषणा केली. १९६२मध्ये एडवर्ड ऑल्बी यांनी ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’मध्ये मार्था आणि जॉर्ज यांना थेट एक काल्पनिक मुलगाच दिला. ऑल्बी दत्तक गेलेले होते, एवढ्यावर काहींनी या मुलाचे रहस्य सोडवले. पण अशा वाचनातून लेखकाचा खुलासा होतो, संसाराचा होत नाही. त्यापेक्षा ब्रिटिश विश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५०च्या दशकात मांडलेली ‘संक्रमणवस्तू’ची कल्पना जवळची आहे: लहान मूल ज्या चिंधीला किंवा अस्वलाला बिलगते, ती वस्तू त्याने कल्पिली की बाहेर सापडली हा प्रश्न मोठी माणसे विचारत नाहीत, आणि या न विचारण्यावरच तिचे बळ टिकते. मार्था-जॉर्ज यांच्यातील करारही असाच आहे: मुलाविषयी परक्यांसमोर बोलायचे नाही. मार्था तो मोडते आणि जॉर्ज मुलाला त्याच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर मारून टाकतो.

त्या वेळी तो मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना म्हणतो, ही बाब नाटकाच्या वाचनात मध्यवर्ती मानायला हवी. फ्रॉइड यांच्या १९१७च्या निबंधानुसार शोक म्हणजे गेलेल्याशी जोडलेली एकेक आठवण काढून, ती सोडवत जाण्याचे सावकाश काम. जे मूल कधी जन्मलेच नाही, त्याच्या आठवणी मात्र दोघांनी मिळून घडवल्या होत्या. नाटक संपते तेव्हा पाहुणे गेलेले असतात, उजाडत आलेले असते, मार्थाला भीती वाटते आहे आणि ते काम अजून सुरूही झालेले नसते.